शॅडोरन पहिल्यांदा खेळवताना: काय ठेवायचं, काय कापायचं

ड्रॅगन, मांत्रिक आणि लोखंडी हाताचे बंदूकवाले एकाच टेबलावर आणणारे रोलप्लेइंग गेम पुष्कळ आहेत. त्यातले बरेच तासाभरात ओल्या भेळेसारखे मऊ पडतात, कारण प्रत्येकाला सगळंच मिळतं. १९८९ साली अमेरिकेत निघालेल्या शॅडोरनमध्ये ही मिसळण जमली ती एका आकड्यामुळे: इसेन्स, म्हणजे देहात उरलेलं माणूसपण. प्रत्येक पात्र ६ इसेन्स घेऊन सुरू होतं. शरीरात यंत्र बसवलं की तो घटतो, आणि मांत्रिकाचा इसेन्स किंचित जरी घटला तरी त्याचं मॅजिक, म्हणजे जादूची ताकद, पूर्ण १ ने खाली येतं. डोक्यात बसवायच्या साध्या डेटाजॅकला (संगणकाशी जोडणारं भोक) लागतो ०.१ इसेन्स, पण तेवढ्यानेही मॅजिक ६ चं ५ होतं. हालचाली झपाट्याच्या करणाऱ्या वायर्ड रिफ्लेक्सेसची पहिली पायरी २ खाते, तिसरी ५. बरं करणारा मंत्रसुद्धा यंत्रांनी भरलेल्या देहावर कमी चालतो. खेळ समजावताना इथून सुरुवात करा. ड्रॅगन नंतर आले तरी चालतात.

आवृत्ती आणि फासे

२०१३ ची पाचवी आवृत्ती घ्या. पहिल्या तीन आवृत्त्यांत गाठायचा आकडा दर वेळी बदलतो आणि ६ पडला की तोच फासा पुन्हा टाकून बेरीज करायची असते. त्यात एक मूळचीच खोट आहे: ६ नंतर नुसता १ पडला तरी ७ होतात, म्हणजे ६ गाठणं आणि ७ गाठणं अगदी सारखंच सोपं. २००५ च्या चौथ्या आवृत्तीने हे मोडीत काढलं. तेव्हापासून गुण आणि कौशल्य यांची बेरीज करायची, तितके सहा बाजूंचे फासे टाकायचे आणि ५ किंवा ६ पडलेला प्रत्येक फासा एक हिट धरायचा. २०१९ ची सहावी आवृत्ती हलकी आहे खरी, पण तिथे चिलखत इजा थेट कमी करत नाही, एजच्या, म्हणजे नशिबाच्या बिंदूंच्या, देवाणघेवाणीत गुंततं. हजार न्यूयेनचं (हे खेळातलं चलन) जॅकेट अंगावर असूनही गोळी तितकीच लागते, हे टेबलावर पटवून देता येत नाही.

माणशी १५ फासे ठेवा. ९ फाशांनी निदान २ हिट मिळण्याची शक्यता सुमारे ८६ टक्के असते, निदान ४ मिळण्याची जेमतेम ३५. नियमपुस्तकात २ म्हणजे साधारण काम आणि ४ म्हणजे कठीण. नवे गेममास्टर, म्हणजे खेळ चालवणारे, प्रसंग रंगावा म्हणून ऊठसूट ४ मागतात आणि चांगली पात्रं कुलपापाशीच अडकतात. २ हा नेहमीचा आकडा ठेवा. जिथे हरण्यात काही गंमत नाही तिथे फासे टाकायलाच लावू नका, दर चार फाशांमागे एक हिट देऊन पुढे चला. निम्म्याहून जास्त फाशांवर १ पडले तर ग्लिच, म्हणजे फजिती, होतो. तो लहान ओंजळीवर, म्हणजे थोडे फासे असतानाच, जास्त येतो, म्हणून तीन-चार फाशांची कामं उगाच करायला लावू नका.

पात्रं आधी बनवून न्या

ए ते ई अशी पाच अक्षरं पात्राच्या पाच रकान्यांत (गुण, पैसे वगैरे) वाटायची, ही पद्धत सोपी दिसते. पैशांना ए दिलं तर ४,५०,००० न्यूयेन मिळतात, ई दिलं तर ६,०००. गुणांचे बिंदू ए ला २४, ई ला १२. पण पुढे खरेदीची यादी सुरू झाली की नवख्याचे तीन तास सहज जातात. चार तयार पात्रं पुरतात: यंत्रं बसवलेला लढवय्या स्ट्रीट सामुराई, मांत्रिक, संगणकजाळ्यात घुसणारा डेकर आणि बोलून काम काढणारा फेस. रिगर (वाहनं आणि ड्रोन चालवणारा) आणि टेक्नोमॅन्सर (यंत्राशिवाय जाळ्यात शिरणारा) पहिल्या बैठकीला नकोत, दोघांचेही नियम स्वतंत्र प्रकरणाएवढे आहेत. स्वतः पात्र करायचंच असेल, तर गुणांच्या रकान्याला ई देऊ देऊ नका. बारा बिंदूंत आठ गुण भागत नाहीत आणि प्रत्येक ओंजळ तोकडी पडते.

लिमिट, म्हणजे मोजता येणाऱ्या हिटवरची कमाल मर्यादा, हा पाचव्या आवृत्तीतला सगळ्यांत कंटाळवाणा भाग आहे. पहिल्या खेळात दोनच ठेवा: बंदुकीची अचूकता आणि मंत्राचा फोर्स, म्हणजे जोर. दुसरी वगळलीत तर मांत्रिक कमी फोर्सचा मंत्र फुकटात जबर करून घेतो.

एक गोळी, पहिल्यापासून शेवटपर्यंत

चकमक सुरू होण्याआधी एक गोळी कागदावर सोडवून दाखवा. अॅरेस प्रिडेटर पिस्तुलाची इजा ८, भेदकता (चिलखतातून वजा होणारा आकडा) उणे १. मारणाऱ्याने १२ फाशांत ५ हिट काढले. चुकवणाऱ्याने रिअॅक्शन अधिक इंट्यूशन हे दोन गुण मिळून ८ फासे टाकले, ३ हिट. वरचे २ इजेत मिळवले, इजा झाली १०. जॅकेटचं चिलखत १२, त्यातून १ गेला, उरलं ११. इजा चिलखतापेक्षा कमी, म्हणून जखम रक्ताची नाही, मुका मार. आता बॉडी (देहाचा गुण) ४ अधिक चिलखताचे ११ असे १५ फासे, सरासरी ५ हिट, म्हणजे पात्राच्या कागदावर मुक्या माराची ५ घरं भरली. दर तीन घरांमागे पुढच्या सगळ्या कामांत एक फासा कमी. एवढं एकदा डोळ्यांसमोर झालं की कुणी पुन्हा विचारत नाही.

पाळी मोजताना इनिशिएटिव्ह या पाळीच्या आकड्यातून दर फेरीला १० वजा करायचे. २३ वाला २३, १३ आणि ३ वर हालचाल करतो. १२ वाला १२ आणि २ वर. इसेन्स विकून सामुराईने जे घेतलंय ते हेच, त्यामुळे इथे सूट देऊ नका.

आता तीच १० इजेची गोळी फोर्स ६ च्या स्पिरिटला (मांत्रिकाने बोलावलेला आत्मा) मारून बघा. त्याचं कडक चिलखत फोर्सच्या दुप्पट, म्हणजे १२. भेदकता वजा जाऊन ११. इजा त्याहून कमी, म्हणून काहीच होत नाही. बंदूकवाले बाजूला बसतात आणि मांत्रिक एकटा खेळतो. पहिल्या काही खेळांत स्पिरिटचा फोर्स ४ वर अडवा. चिलखत ८ राहतं आणि गोळी निदान लागते. बोलावण्याचा थकवा मात्र माफ करू नका. स्पिरिटने विरोधात काढलेल्या हिटच्या दुप्पट तो असतो, कमीत कमी २.

डेकरची अडचण उलटी आहे. तो जाळ्यात शिरला की अर्धा तास बाकीचे मोबाइल बघतात. उपाय असा: त्याला टोळीबरोबर इमारतीत न्या. शंभर मीटरच्या आत नॉईज, म्हणजे अंतराचा अडथळा, लागत नाही, एक किलोमीटरपलीकडे तीन फासे जातात, म्हणून घरी बसून काम करण्यात तोटाच आहे. मग त्याची एक कृती आणि सामुराईची एक कृती एकाच फेरीत घ्या. कॅमेरा बंद, दार उघडं, लिफ्ट अडकलेली, असा प्रत्येक हिटचा परिणाम लगेच गोळीबाराच्या नकाशावर दिसला पाहिजे. ओव्हरवॉच स्कोअर, म्हणजे घुसखोरीची दखल मोजणारा आकडा, मात्र उघड्यावर लिहा. तो ४० ला पोचला की यंत्रणा डेकरवर तुटून पडते, आणि चढता आकडा सगळ्यांना दिसला की सगळेच घाई करतात.

सिअॅटल कसं दाखवायचं

खेळ अमेरिकेतल्या सिअॅटल शहरात घडतो. तिथली रेडमंड, बेलव्ह्यू ही नावं आयटीतल्या मराठी घरांना ओळखीची आहेत. खेळातलं रेडमंड म्हणजे ओसाड, कायदा नसलेली वस्ती, आणि बेलव्ह्यू श्रीमंतांचं. या जगात २४ डिसेंबर २०११ ला फुजी पर्वतावर ड्रॅगन दिसतो आणि जादू परतते. तारखा मागे पडल्या म्हणून पुढे ढकलू नका. २०२१ मध्ये माणसांचे ऑर्क आणि ट्रोल होणं, २०२९ मध्ये संगणकजाळं कोसळणं, सगळं एकाला एक बांधलेलं आहे. वेगळा इतिहास म्हणूनच खेळा.

सगळ्यांत कामाचा नियम फाशांचा नाहीच. मोठ्या कंपन्यांच्या आवारात त्यांचाच कायदा चालतो. कुंपण ही सरहद्द, आतला पहारेकरी हा सैनिक, आणि कंत्राटावर नेमलेले शहराचे पोलिस फाटकाबाहेर थांबतात. पळून जाण्याचा प्रत्येक बेत यावर उभा राहतो, म्हणून नकाशावर ती रेघ लाल रंगात काढा.

सिअॅटलभोवती मूलनिवासींचं राज्य आहे, सॅलिश-शिधे. ते घोस्ट डान्सच्या जादूने मिळवलेलं. घोस्ट डान्स ही मूलनिवासींची १८८९–९० ची खरी चळवळ होती आणि डिसेंबर १८९० मध्ये वुंडेड नी या ठिकाणी तिच्या काळात अमेरिकी सैन्याकडून मूलनिवासी माणसं मारली गेली. खेळाने त्या लोकांना जिंकवलं हे चांगलं, पण १९८९ च्या लिखाणात पिसं आणि टोटेम फार. तुमच्या टेबलावर ते एक देश असू द्या: परवाने, सीमाशुल्क, वाद घालणारे मंत्री, रस्ते बांधणारे इंजिनीअर.

पहिलं काम लहान द्या. रात्रभर उघड्या दुकानातली एक झटापट हा या खेळाचा जुना श्रीगणेशा आहे, पहिल्या नियमपुस्तकातला. एक खोली, पाच-सहा गुंड, मधे सापडलेली दोन गिऱ्हाइकं. त्यानंतर मिस्टर जॉन्सनचं, म्हणजे नाव न सांगता काम देणाऱ्याचं, खरं काम. मोबदला ठरवताना राहणीमानाचा खर्च समोर ठेवा: साध्या राहणीला महिना २,०००, मध्यमला ५,००० न्यूयेन. माणशी ६,००० दिले तर महिना निघतो आणि थोड्या गोळ्या येतात. ३०,००० दिलेत तर पुढच्या बैठकीला कुणालाच कामाची गरज उरत नाही.