पहिली उतारी: पान काढण्याआधी बोली आठवा

ब्रिजमध्ये पहिलं पान डमी (डाव खेळणाऱ्या विरोधकाच्या भिडूची पानं, जी टेबलावर उघडी मांडतात) उघडण्याआधीच टाकावं लागतं. हातातली तेरा पानं आणि कानावर पडलेली बोली (हुकूम कोणता, हात किती, याचे पुकार), एवढाच काय तो आधार. म्हणून मी पानाला हात लावण्याआधी सगळी बोली मनात पुन्हा म्हणते.

बोली नुसती 'एक नो ट्रम्प, तीन नो ट्रम्प' अशी, म्हणजे हुकूम न ठरवता, झाली असेल, तर आपल्या सर्वांत लांब रंगातलं वरून चौथं पान उतरा. एकदा माझ्याकडे इस्पिकचे राजा, गुलाम, अठ्ठी, छक्की, तिर्री होते. मी छक्कीची उतारी केली. डमीत राणी, सत्ती, दुर्री दिसली. तिथून दुर्री पडली. भिडूकडे एक्का, दस्सी, नव्वी. वरून चौथं पान आलं की करतात त्या हिशेबाने त्याने अकरातून सहा वजा केले: छक्कीवरची पाच पानं बाकीच्या तीन हातांत. दोन डमीत, तीन त्याच्याकडे. म्हणजे डाव खेळणाऱ्याकडे एकही नाही! त्याने नव्वीवरच हात घेतला. मग एक्का, मग दस्सी. दस्सीवर मी राजा घातला, डमीची राणी पडली, आणि गुलाम-अठ्ठी बिनधास्त चालले. सलग पाच हात, डाव बुडाला. पहिल्याच फेरीला त्याने एक्का घातला असता तर राणी एक हात घेऊन गेली असती. चौथ्या पानाची शिस्त पाळायची ती भिडूला असं मोजता यावं म्हणून. राणी-गुलाम-दस्सी अशी ओळ असेल तर मात्र वरचं पान टाका. आणि भिडूने एखादा रंग बोलला असेल तर बहुतेक वेळा तोच.

हुकूम ठरलेला असेल तर हिशेब बदलतो. एक्का-राजा जोडीने असतील तर उतारी सोपी. पण एक्क्याखालून लहान पान काढू नका. मी किलवरच्या एक्क्याखालून काढलं होतं. विरोधकाकडे एकटा राजा होता, त्याने हात घेतला, आणि माझा एक्का पुढे हुकमाने कापला गेला.

एकच पान असलेल्या रंगाचा मोह सगळ्यांना होतो. हुकमाची लहान पानं हातात असतील तर तो धरावा. हुकमात राणी-गुलाम-दस्सी असेल तर कापून काही मिळत नाही, तो हात तसाही आपलाच असतो. आणि डाव खेळणाऱ्याने दोन रंग बोलले, आणि डमीने त्यातला दुसरा नुसता निवडला असेल, तर हुकूमच उतरा: डमीला त्याचा पहिला रंग कापायला हुकमाची पानं कमी उरतील.