व्हर्च्युअल मशीनची मेमरी फाइलमध्ये साठवून दुसऱ्या होस्टवर कशी न्यावी

होस्ट म्हणजे व्हर्च्युअल मशीन ज्यावर चालतं तो खरा संगणक. दोन्ही होस्ट एकमेकांना नेटवर्कवर दिसत असतील तर सरळ लाइव्ह मायग्रेशन करा (चालू मशीन नेटवर्कवरून तसंच हलवा), फाइलच्या वाटेला जाऊ नका. फाइलची गरज पडते ती जुना होस्ट एकीकडे, नवा दुसरीकडे आणि मधलं नेटवर्क मंद किंवा मुळीच नाही अशा वेळी. शिवाय मशीन बंद करून नव्याने चालू करणंही परवडत नसतं. आत तीन दिवसांपासून चाललेलं गणित असतं, किंवा पुन्हा उभं करायला अर्धा दिवस खाणारं सॉफ्टवेअर असतं. असं मशीन आहे त्या स्थितीत गोठवायचं, उचलून न्यायचं आणि तिकडे जागं करायचं.

पुढचं सगळं लिनक्सवरच्या केव्हीएम, क्यूएमू आणि लिबव्हर्टबद्दल आहे. केव्हीएम ही कर्नलमधली व्हर्च्युअल मशीनची सोय, क्यूएमू हा मशीन चालवणारा प्रोग्रॅम, लिबव्हर्ट हे त्यांचं व्यवस्थापन करणारं सॉफ्टवेअर आणि व्हर्श ही त्याची कमांड.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. मेमरी साठवणं हे मायग्रेशनच असतं, फक्त प्रवाह नेटवर्कऐवजी फाइलमध्ये वळवलेला असतो. त्यात मेमरीची पानं असतात (नेहमीच्या इंटेल-एएमडी मशीनवर एक पान ४०९६ बाइटचं), प्रोसेसरच्या रजिस्टरांमधली मूल्यं असतात आणि नेटवर्क कार्ड, डिस्क कंट्रोलर, टायमर अशा आभासी उपकरणांची त्या क्षणाची अवस्था असते. पूर्ण शून्यांनी भरलेल्या पानासाठी नुसती खूण लिहिली जाते, म्हणून १६ जीबी मेमरीच्या मशीनची फाइल बऱ्याचदा त्याहून लहान निघते. डिस्क मात्र या फाइलमध्ये नसते. ती तुम्हाला वेगळी न्यावी लागते, आणि गडबड होते ती इथेच.

पायरी १: नवा होस्ट हे मशीन घेईल का ते बघा

मशीन टाइप (क्यूएमू दाखवतं त्या आभासी मदरबोर्डचा प्रकार) आवृत्तीसकट जुळायला हवा. नव्या होस्टवरचं क्यूएमू जुन्याएवढं किंवा त्याहून नवं असावं. रेड हॅट आणि उबुंटू आपापल्या नावाचे मशीन टाइप ठेवतात, त्यामुळे एका वितरणावर साठवलेलं मशीन दुसऱ्यावर उघडेल अशी आशा धरू नका. प्रोसेसरची व्याख्या होस्ट-पासथ्रू (होस्टचा प्रोसेसर जसाच्या तसा दाखवणारी) असेल आणि दोन्हीकडचे प्रोसेसर वेगळे असतील तर इथेच थांबा. जुन्या होस्टवर मिळालेल्या प्रोसेसरच्या एव्हीएक्स-५१२ सूचना गेस्ट (मशीनच्या आतली ऑपरेटिंग सिस्टीम) नव्या होस्टवरही वापरायला जाईल, आणि तिथे त्या नसतील तर आतले प्रोग्रॅम एकेक करून कोसळतील. इंटेलवरून एएमडीवर किंवा उलट नेण्याचा विचारही करू नका. खरं ग्राफिक्स कार्ड किंवा दुसरं पीसीआय उपकरण मशीनला थेट जोडलेलं असेल तर ते आधी काढा, नाहीतर बहुतेक वेळा सेव्ह सुरूच होणार नाही.

पायरी २: ऑटोस्टार्ट बंद करा

व्हर्श ऑटोस्टार्ट, पुढे मशीनचं नाव आणि डिसेबल. ऑटोस्टार्ट म्हणजे होस्ट चालू होताच मशीन आपोआप चालू होणं. दहा सेकंदांचं काम आहे. ते आधी का करायचं, हे चौथ्या पायरीत कळेल.

पायरी ३: साठवा

व्हर्श सेव्ह, मशीनचं नाव, फाइलचा पूर्ण पत्ता. सोबत बायपास-कॅश हा पर्याय द्या, नाहीतर एवढी मोठी फाइल लिहिताना होस्टची कॅश भरते आणि त्यावरची बाकीची मशीन मंदावतात. लिबव्हर्ट लिहायला सुरुवात करण्याआधी गेस्टला थांबवतं, म्हणजे पूर्ण लिखाण होईपर्यंत सेवा बंद असते. डिस्क सेकंदाला २०० एमबी लिहीत असेल तर १६ जीबीला साधारण दीड मिनिट धरा. प्रगती बघायला डोमजॉबइन्फो, मध्येच रद्द करायला डोमजॉबअबॉर्ट.

कॉम्प्रेशनबद्दल माझं मत ठाम आहे: सेव्ह करताना करू नका. लिबव्हर्टच्या सेटिंगमध्ये जीझिप, एक्सझेड वगैरे पर्याय आहेत, पण कॉम्प्रेशन चालतं तितका वेळ गेस्ट थांबलेला असतो. आधी कच्ची फाइल लिहा. आकार कमी करायचाच असेल तर नंतर निवांत झेडस्टँडर्ड चालवा.

फाइल पूर्ण झाली का हे एका नजरेत कळतं. तिचे पहिले १६ बाइट वाचा. ‘लिबव्हर्टक्यूएमूडीसेव्ह’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरं दिसली तर फाइल पूर्ण आहे. शेवटी ‘सेव्ह’ऐवजी ‘पार्ट’ असेल तर लिखाण अर्धवट राहिलं आहे, ती फाइल नेण्यात अर्थ नाही.

पायरी ४: डिस्कला हात लागू देऊ नका

या पायरीसाठी मी हा लेख लिहायला घेतला. बाकीचं सगळं मॅन्युअलमध्ये सापडतं. हेही आहे तिथे, पण एका वाक्यात, आणि त्या वाक्याचं वजन वाचताना कळत नाही.

मेमरीची फाइल आणि डिस्क ही एकाच क्षणाची जोडी असते. गोठवलेल्या मेमरीत गेस्टच्या कर्नलने डिस्कचं चित्र धरून ठेवलेलं असतं: कुठले ब्लॉक मोकळे, कुठली फाइल कुठल्या आयनोडवर (फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदीवर), जर्नल (बदलांची आधी लिहिलेली नोंदवही) कुठपर्यंत लिहून झालं, कुठली पानं अजून डिस्कवर उतरवायची बाकी आहेत. जागं झाल्यावर कर्नल डिस्क पुन्हा वाचून खातरजमा करत नाही. त्याच्या दृष्टीने मध्ये क्षणही गेलेला नसतो. आता सेव्ह आणि रिस्टोअरच्या मधल्या काळात त्याच डिस्कवर दुसरं कुणी लिहून गेलं असेल, तर कर्नल जुन्या चित्रावर विसंबून लिहीत सुटतो. त्याला मोकळा वाटणारा ब्लॉक आता कुणाच्या तरी डेटाचा असतो, आणि तो त्यावर लिहितो.

माझ्या हातून हे झालं आहे. डेटाबेसचं मशीन होतं. संध्याकाळी सेव्ह केलं, फाइल पूर्ण होती, डिस्क इमेजची (मशीनची डिस्क ज्या फाइलमध्ये असते तिची) कॉपी रात्रभरासाठी लावली. कॉपी सुरू व्हायच्या आधीच होस्ट रीबूट झाला. ऑटोस्टार्ट चालू होतं. व्हर्श सेव्हने साठवलेल्या फाइलची मशीनच्या व्याख्येत कुठेही नोंद राहत नाही, त्यामुळे लिबव्हर्टने मशीन डिस्कवरून नव्याने बूट केलं. दहाएक मिनिटांनी माझ्या लक्षात आलं. मी ते रीतसर शटडाउन केलं आणि समजलो की नीट बंद केलंय, म्हणजे डिस्क ठीक आहे. पुढचं सगळं त्या एका गैरसमजातून घडलं. नीट बंद झालेली डिस्क स्वतःपुरती ठीकच होती, पण ती माझ्या मेमरीच्या फाइलची जोडीदार राहिली नव्हती.

नव्या होस्टवर रिस्टोअर सुरळीत झालं. लॉगिन स्क्रीन तिथेच, चालू असलेले प्रोसेस तसेच, डेटाबेस उत्तरं देत होता. जवळपास तासभर सगळं ठीक दिसलं. मग कर्नलच्या लॉगमध्ये डिलीट झालेल्या आयनोडचा संदर्भ सापडल्याच्या ओळी येऊ लागल्या, फाइलसिस्टीम आपणहून रीड-ओन्ली झाली आणि डेटाबेस बसला. एफएससीके (फाइलसिस्टीम तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवल्यावर लॉस्ट-अँड-फाउंडमध्ये शेकडो फाइल आल्या, सगळ्यांना नावाच्या जागी नुसता आकडा. बॅकअपवरून परत उभं करताना एक दिवस गेला, आणि त्या संध्याकाळच्या काही नोंदी कायमच्या गेल्या. त्या ज्यांच्या होत्या त्यांना हे सांगताना काय वाटतं ते मला माहीत आहे, म्हणून इतकं सविस्तर लिहितो आहे.

आता तीन ऐकीव सल्ले, जे मला अजूनही भेटतात.

पहिला: ‘क्यूएमू इमेजला लॉक लावतं, काळजी करू नका.’ क्यूएमू २.१० पासून लॉक आहे हे खरं. पण एकाच वेळी दोन प्रोसेसनी इमेज उघडू नये यासाठी तो आहे. आधी एकाने लिहिलं, बंद केलं आणि मग दुसऱ्याने उघडलं, तर लॉकला काहीच गैर दिसत नाही. माझ्या बाबतीत नेमकं तेच झालं.

दुसरा: ‘एखादी फाइल बघायची असेल तर इमेज रीड-ओन्ली माउंट करा.’ अजिबात करू नका. गेस्ट चालू असताना गोठवलेला असल्यामुळे त्याची फाइलसिस्टीम अनमाउंट झालेली नसते. एक्स्ट४ रीड-ओन्ली माउंट केली तरी कर्नल जर्नल परत चालवतो, आणि त्यासाठी डिस्कवर लिहितो. बघायचंच असेल तर इमेजची प्रत काढून तिच्यात बघा.

तिसरा सर्वांत घातक: ‘मेमरी साठवून लगेच मूळ मशीन पुढे चालू करा, म्हणजे सेवा थांबत नाही.’ क्यूएमूच्या मॉनिटरमधून (त्याला आज्ञा देण्याच्या कन्सोलमधून) हे करता येतं, कंटिन्यू दिलं की मशीन चालू होतं. पण त्या क्षणापासून डिस्क पुढे सरकते आणि साठवलेली मेमरी मागे राहते. त्याच क्षणाचा डिस्कचा स्नॅपशॉट हाती नसेल तर ती फाइल निरुपयोगी आहे. नुसती निरुपयोगी असती तरी चाललं असतं, पण ती उघडते, आणि उघडल्यावर डेटा खराब करते.

मी आता काय करतो? सेव्ह संपलं, मशीन बंद दिसलं की लगेच दोन गोष्टी, त्याच क्रमाने. इमेज क्यूकाउ२ (क्यूएमूचा स्वतःचा इमेज प्रकार) असेल तर क्यूएमू-आयएमजी स्नॅपशॉटने तिच्यात आतला स्नॅपशॉट घेतो आणि त्याला मेमरीच्या फाइलचंच नाव देतो. मग फाइलचे गुणधर्म बदलणाऱ्या चॅटर कमांडला प्लस आय देऊन इमेज अपरिवर्तनीय करतो. नुसती परवानगी काढून घेणं पुरत नाही, कारण रूटला ती आडवत नाही आणि लिबव्हर्ट फाइलची मालकी स्वतः बदलतं. चॅटरच्या कुलपापुढे रूटलाही लिहिता येत नाही. कुणी चुकून मशीन चालू करायला गेलं तर ते चालूच होत नाही, आणि हवंय ते तेच. कॉपी करताना हे कुलूप प्रतीसोबत जात नाही, त्यामुळे नव्या होस्टवर अडचण येत नाही.

पायरी ५: न्या

मेमरीची फाइल, डिस्क इमेज आणि मशीनची एक्सएमएल व्याख्या, तिन्ही. यूईएफआयचं मशीन असेल तर त्याची एनव्हीरॅम (फर्मवेअरची सेटिंग साठवणारी) फाइलही. दोन्ही टोकांना शा-२५६ चेकसम काढून ताडून बघा. बाह्य डिस्क फॅट३२ असेल तर ४ जीबीपुढची फाइल त्यावर मावत नाही.

पायरी ६: जागं करा

नव्या होस्टवर डिस्कचा पत्ता किंवा नेटवर्क ब्रिजचं नाव वेगळं असेल तर सेव्ह-इमेज-एडिटने साठवलेल्या फाइलमधली व्याख्या दुरुस्त करा. होस्टच्या बाजूचेच तपशील बदलता येतात. मेमरीचा आकार किंवा उपकरणं बदलू नका.

मग व्हर्श रिस्टोअर, पण पॉझ्ड या पर्यायासह. मशीन थांबलेल्या अवस्थेत उभं राहील. डोमब्लकलिस्टने बघा की ते बरोबर त्याच इमेजवर बसलं आहे ना. खात्री पटली की रिझ्यूम द्या. रिझ्यूमआधी काही बिघडलं तर मशीन मोडून पुन्हा रिस्टोअर करता येतं, कारण गेस्टने अजून काही लिहिलेलं नसतं. रिझ्यूमनंतर त्या डिस्कसोबत ती फाइल दुसऱ्यांदा वापरायची नाही. परत तिथेच यायचं असेल तर डिस्कही चौथ्या पायरीतल्या स्नॅपशॉटवर न्यावी लागते.

घड्याळ मागे असेल, गेस्टला अजून सेव्हचीच वेळ वाटत असते. गेस्ट एजंट (गेस्टच्या आत चालून होस्टच्या आज्ञा पाळणारा प्रोग्रॅम) असेल तर डोमटाइम आणि सिंक. नसेल तर आत जाऊन क्रोनीला (घड्याळ जुळवणाऱ्या प्रोग्रॅमला) मेकस्टेप द्या. बऱ्याच वितरणांमध्ये क्रोनी पहिल्या तीन मापनांपुरतीच एकदम उडी मारतो, नंतर घड्याळ हळूहळू सरकवतो, आणि काही तासांचा फरक तसा भरून निघायला फार वेळ लागतो. बाहेरचे जुने टीसीपी जोड तुटलेले असतील, ते क्लायंट पुन्हा जोडतील.

लिबव्हर्ट नसेल तर

क्यूएमूच्या मॉनिटरमध्ये आधी स्टॉप, मग मायग्रेट आणि फाइलचा पत्ता. फाइलमध्ये थेट लिहिण्याची सोय ८.२ पासून आहे, त्याआधी एक्झेकमधून कॅटकडे प्रवाह वळवावा लागे. इन्फो मायग्रेटमध्ये ‘कम्प्लीटेड’ दिसलं की क्विट. स्टॉप विसरू नका: चालत्या गेस्टची बदलणारी पानं प्रवाहात पुन्हा पुन्हा लिहिली जातात आणि फाइल मेमरीपेक्षा मोठी होऊ शकते. ९.० मधली मॅप्ड-रॅम ही सोय प्रत्येक पानाला फाइलमध्ये ठरलेली जागा देते, म्हणून तिथे फाइल अशी फुगत नाही. पण ती साठवताना आणि उघडताना दोन्हीकडे चालू करावी लागते. वेगाची मर्यादाही बघा. मुळातली मर्यादा पूर्वी सेकंदाला ३२ एमबी होती, आता १२८ आहे. वेगवान डिस्कवर ती वाढवल्याशिवाय तुम्ही विनाकारण वाट बघत बसाल. नव्या बाजूला तीच कमांड, तीच उपकरणं, फक्त इनकमिंग जोडून.

शेवटची आवराआवर

जुन्या होस्टवरची कुलूपबंद जोडी आठवडाभर तरी ठेवा. नव्याकडे काही बिनसलं तर चॅटर मायनस आय करून तिथेच रिस्टोअर करता येतं, मधल्या काळातलं काम तेवढं जाईल. आठवडा नीट गेला की मेमरीची फाइल सगळीकडून काढून टाका: जुना होस्ट, नवा होस्ट, बाह्य डिस्क. गेस्टमध्ये त्या क्षणी उघडे असलेले पासवर्ड आणि खासगी किल्ल्या तिच्यात उघड्या पडलेल्या असतात. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर तिची किल्लीसुद्धा.