स्कॅन जुळवताना या चुका टाळा

ऐरोलीत माझ्याकडे शिकायला येणारी मुलं रुग्णाचा स्कॅन त्याच्या शरीराशी जुळवताना पडद्यावर एफआरई, म्हणजे जुळणीनंतर खुणांमध्ये उरलेली चूक, ०.७ मिलिमीटर दिसला की खुर्चीवरून उठतात. काम झालं म्हणे!

ठाण्यातल्या एका रुग्णालयात न्यूरोनॅव्हिगेशनची, म्हणजे स्कॅनवरून मेंदूत वाट दाखवणाऱ्या यंत्रणेची, तयारी चालू होती. सहा मार्कर, म्हणजे स्कॅनमध्येही दिसणाऱ्या चिकटखुणा, सगळे कपाळावर, कारण तिथे चिकटवायला सोपे. गाठ मात्र लहान मेंदूत, डोक्याच्या मागच्या भागात. आकडा तोच, ०.७. मी प्रोब, म्हणजे जागा दाखवणारी सळई, कानामागच्या हाडावर टेकवला, तर पडद्यावर त्याचं टोक कातडीच्या आत जवळपास ५ मिलिमीटर घुसलेलं. मागच्या बाजूला मार्कर लावून एमआरआय पुन्हा काढायला लावला. शस्त्रक्रिया लांबली, पण त्याचं मला वाईट वाटलं नाही.

एफआरई फक्त मार्कर एकमेकांवर किती बसले ते सांगतो. डॉक्टरांना हवी असते गाठीच्या जागची चूक, म्हणजे टीआरई. मार्करांच्या घोळक्यापासून लांब जाल तशी ती वाढते. या दोन चुकांचा परस्परसंबंध नसतो, हे फिट्झपॅट्रिक यांनी २००९ मध्ये गणिताने दाखवलं. तरी रोज तोच आकडा माझ्यापुढे नाचवला जातो.

याहून वाईट सवय म्हणजे न बसणारा मार्कर काढून टाकणं. आकडा उतरतो, मुलं खूश. पण तो उतरणारच! सहा मार्कर असताना एफआरई मार्करची जागा टिपताना होणाऱ्या मूळ चुकीच्या साधारण ८२ टक्के भरतो, तीनच ठेवलेत तर ५८ टक्के. गाठीपाशी मात्र चूक वाढलेली असते. मार्कर सरकल्याचं डोळ्यांनी दिसलं तरच मी तो काढतो. शिवाय दोन-तीन खुणा जुळणीत न घेता बाजूला ठेवतो आणि शेवटी त्यांच्यावरच तपासतो. वीस मिनिटं जातात. ज्याला तेवढी घाई आहे त्याने हे काम करू नये.

डाइस, म्हणजे दोन आकार एकमेकांवर किती येतात ते सांगणारा आकडा, ०.९५ आला म्हणून यकृताच्या आतली गाठ जुळली असं धरू नका, तो फक्त बाहेरचा आकार बघतो. ३ मिलिमीटर जाडीच्या स्लाइसवर हाताने खुणा करून ०.२ मिलिमीटर अचूकतेचा दावा करू नका. आणि लवचीक जुळणीत, म्हणजे स्कॅन ताणून-आकसून जुळवताना, जेकोबियन (एखादी जागा किती फुगली-आकसली ते सांगणारा आकडा) कुठेही ऋण आला, तर तिथे ऊतक स्वतःवरच दुमडलंय. तो भाग मी लाल रंगवून डॉक्टरांना दाखवतो, मगच फाइल पुढे देतो.