ईएसपी३२ वर ब्लूटूथवाला हार्ट रेट मॉनिटर, तेही अॅप न लिहिता

हार्ट रेट मॉनिटर बनवायचा म्हटलं की बरेच जण "अॅप कोण लिहिणार" इथेच अडकतात, पण ते लिहायची गरजच नाहीये. ब्लूटूथ लो एनर्जीमध्ये हार्ट रेटसाठी एक ठरलेली सर्व्हिस आहे, तिचा नंबर हेक्समध्ये १८०डी, छातीला बांधायचे ब्लूटूथवाले पट्टे पण तीच वापरतात. आपल्या ईएसपी३२ ने (ब्लूटूथ-वायफाय असलेला छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) त्याच पद्धतीने आकडा पाठवला की फोनवरची बरीच तयार अॅप्स तो सरळ दाखवतात. खरी डोकेदुखी ब्लूटूथची नाहीच, ती बोटाची आणि सेन्सरची आहे.

सामान फार नाही. ईएसपी३२ चा डेव्ह बोर्ड, मॅक्स३०१०२ सेन्सर (बोटात प्रकाश सोडून ठोके ओळखणारा), चार वायरी आणि डेटावाली यूएसबी केबल (नुसती चार्जिंगची असेल तर कॉम्प्युटरला बोर्ड दिसतच नाही आणि तासभर ड्रायव्हर शोधत बसता). पुण्यात बुधवार पेठेत नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं मिळतं. फक्त ईएसपी३२-एस२ उचलू नका, त्यात वायफाय आहे पण ब्लूटूथच नाही.

जोडणी सोपी आहे, सेन्सरचा व्हीआयएन ३.३ व्होल्टला, जीएनडी जीएनडीला, एसडीए २१ नंबरच्या पिनला आणि एससीएल २२ ला. आयएनटी मोकळा सोडला तरी चालतं. मग आयस्क्वेअरसी (एसडीए-एससीएल या दोन वायरींवरून बोलायची पद्धत) स्कॅनरचं स्केच, म्हणजे आर्डुइनोचा प्रोग्राम, टाका, ५७ हा हेक्स पत्ता दिसला की काम झालं.

नाही दिसला तर लगेच सेन्सर मेला म्हणू नका. काही स्वस्त बोर्डांवर, खास करून जुन्या हिरव्या मॅक्स३०१०० वर (याच सेन्सरचं आधीचं मॉडेल), एसडीए-एससीएलचे पुल-अप रेझिस्टर (वायरीचं व्होल्टेज वर धरून ठेवणारे) ३.३ ऐवजी १.८ व्होल्टला जोडलेले असतात आणि ईएसपी३२ ला "हाय" समजायला साधारण २.५ व्होल्ट लागतात, म्हणजे सेन्सर बोलतोय पण बोर्डाला ऐकूच जात नाही. सप्लाय चालू ठेवून मल्टीमीटरने एसडीए आणि जीएनडी मधलं व्होल्टेज बघा, १.८ च्या आसपास आलं तर रोग सापडला. काही बोर्डांना मागे ३.३ चा पॅड असतो, तिथे सोल्डरचा पूल हलवला की झालं. तसा पॅड नसेल तर ते रेझिस्टर काढून बाहेरून ४.७ किलोओहमचे दोन ३.३ ला लावायचे.

आता कोड. आर्डुइनो आयडीईमध्ये स्पार्कफनची मॅक्स३०१०एक्स लायब्ररी टाका, त्यातलं पाचवं उदाहरण हार्ट रेटचंच आहे, तेच आधी चालवा. सेन्सर इन्फ्रारेड प्रकाश बोटात सोडतो आणि किती परत आला ते मोजतो, प्रत्येक ठोक्याला रक्त वाढतं तसा परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो. उदाहरणात ५०,००० च्या खाली आकडा म्हणजे बोटच नाही असं धरलंय. दोन ठोक्यांमधलं अंतर मिलिसेकंदात मोजून ६०,००० ला त्याने भागलं की बीपीएम (मिनिटाला ठोके), म्हणजे ८३३ मिलिसेकंद आले तर ७२.

बोट दाबू नका!! सगळ्यात जास्त गंडतं ते इथेच. जोरात दाबलं की बारीक रक्तवाहिन्याच बंद होतात आणि लाट सपाट होते, हलकं ठेवलं तर हात जरा हलला तरी १४० दाखवतो. वेल्क्रोच्या पट्टीने बोटाला सैलसर बांधा, वरून काळी टेप लावा म्हणजे ट्यूबलाइटचा प्रकाश शिरत नाही, आणि हात गार असतील तर आधी चोळून घ्या. सिरियल प्लॉटरमध्ये (आयडीईमधला आलेख) इन्फ्रारेडची लाट स्वच्छ दिसेपर्यंत पुढे जाऊच नका, कारण घाण सिग्नल ब्लूटूथवरून पाठवला तरी घाणच राहणार. मनगटावर लावायचा मोह आवरा, तिथे सिग्नल फारच कमजोर येतो.

लाट जमली की ब्लूटूथ. १८०डी सर्व्हिस बनवा, त्यात २ए३७ नंबरची कॅरेक्टरिस्टिक (आकडा ठेवायची जागा), प्रॉपर्टी नोटिफाय (नवा आकडा फोनला आपोआप कळवणं), आणि सोबत २९०२ चा डिस्क्रिप्टर (फोन यातूनच नोटिफाय चालू करतो), तो विसरलात तर फोन जोडला जातो पण आकडा हलत नाही असं होऊ शकतं. पाठवायचे दोनच बाइट, पहिला शून्य, दुसरा बीपीएम. सेकंदाला एकदा पाठवा पण त्यासाठी लूपमध्ये डिले टाकू नका, मिलिस फंक्शनने वेळ बघा. ठोका ओळखणाऱ्या फंक्शनला प्रत्येक सॅम्पल वेळेवर हवं असतं, सेकंदभर झोपलात की मधला ठोका गेलाच आणि बीपीएम अर्धा. शेवटच्या चार रीडिंगची सरासरी पाठवली की आकडा कमी नाचतो.

फोनवर ब्लूटूथ सेटिंगमध्ये जाऊन पेअर करत बसू नका, एनआरएफ कनेक्ट हे अॅप उघडून तिथूनच स्कॅन करा. जुन्या अँड्रॉइडवर लोकेशन चालू ठेवावं लागतं. फोन सुटला की अॅडव्हर्टायझिंग (बोर्डाने "मी इथे आहे" असं सांगत राहणं) परत सुरू करायची ओळ डिसकनेक्टच्या कॉलबॅकमध्ये (फोन सुटल्यावर आपोआप चालणारं फंक्शन) टाका, नाहीतर दर वेळी रीसेट दाबत बसाल.

खेळून बघायला मस्त आहे, पण छातीत दुखतंय म्हणून हे बोटाला लावून बसू नका, सरळ डॉक्टर गाठा. बॅटरीवर चालवायचं असेल तर वायफाय चालू करू नका, उगाच करंट खातं. पॉवर बँक वापरलीत तर एवढ्या कमी करंटला काही पॉवर बँका आपोआप बंद पडतात, तेव्हा कोडमध्ये बग शोधायच्या आधी तिचा दिवा चालू आहे का बघा.