गोल्फ क्लबची दुरुस्ती आणि जोडणी घरच्या घरी: ग्रिपपासून सुरुवात करा

जळगाव-धुळ्याकडे गोल्फ खेळणारे मोजकेच. कुणी नोकरीत असताना पुण्याला खेळायला शिकला आणि निवृत्तीनंतर क्लबचा, म्हणजे गोल्फच्या काठ्यांचा, सेट घेऊन गावी परतला, कुणाला परदेशातल्या भाच्याने आपला जुना सेट देऊन टाकला. ग्रिप गुळगुळीत झाली, हेड डुगडुगायला लागलं की हे क्लब माळ्यावर जातात. दुरुस्तीला बाहेरगावी पाठवायचे तर जाण्यायेण्याचा खर्चच जिवावर येतो. पण यातली बहुतेक कामं घरी होतात. ग्रिप, शाफ्ट आणि खास टेप ऑनलाइन मागवावी लागेल, बाकी सगळं प्लंबिंगच्या, रंगाच्या आणि सायकलच्या दुकानात मिळतं.

क्लबचे भाग तीनच: ग्रिप म्हणजे हातात धरायची मूठ, शाफ्ट म्हणजे मधला दांडा आणि हेड म्हणजे चेंडूला लागणारा भाग. हेडच्या ज्या नळीत शाफ्ट बसतो ते होझेल, आणि त्या सांध्यावरची काळी प्लास्टिकची कडी म्हणजे फेरूल. शाफ्ट पूर्वी हिकरीच्या लाकडाचे असत. पोलादी शाफ्टना अमेरिकेत १९२४ साली आणि ब्रिटनमध्ये १९२९ साली मान्यता मिळाली. आता पोलाद नाहीतर ग्रॅफाइट, म्हणजे राळेत बसवलेले कार्बनचे धागे. आपला कोणता आहे याची खात्री नसेल तर चुंबक लावून बघा, कारण पुढची निम्मी काळजी त्यावरच ठरते.

पहिलं काम: ग्रिप बदलणे

जुनी ग्रिप उभी चिरून सोलून काढा. पोलादी शाफ्टवर साधा कटर चालतो. ग्रॅफाइटवर मात्र हुकासारखं वाकडं पातं वापरा, कारण सरळ पात्याचा ओरखडा धाग्यांपर्यंत गेला तर शाफ्ट पुढे तिथेच मोडतो. पातं नेहमी अंगापासून दूर ओढायचं. खालची जुनी टेप चिवट असते, ती हेअर ड्रायरने गरम करून खरवडा. एप्रिल-मे असेल तर ड्रायरचीही गरज नाही, क्लब थोडा वेळ अंगणात ठेवला की पुरे.

शाफ्ट व्हाइसमध्ये (टेबलावरच्या पकडीत) आवळताना भोवती सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा. नुसता आवळलात तर पोलादी नळी चेपते आणि ग्रॅफाइट तडकतं. हेडची खालची धार जमिनीला काटकोनात उभी ठेवा, म्हणजे ग्रिपवरची खूण नेमकी वर येते.

आता दोन इंची दुहेरी टेप शाफ्टवर उभी लावा. टोकाला अर्धा इंच जास्त सोडा आणि तेवढी पिळून शाफ्टच्या तोंडात खोचा, म्हणजे द्रव आत उतरत नाही. ग्रिपच्या टोपीला बारीक छिद्र असतं, ते बोटाने दाबून आत टर्पेंटाइन ओता, हलवा आणि तेच टेपवर सगळीकडे ओता. खाली बादली हवीच. मग न थांबता एका दमात ग्रिप टोकापर्यंत ढकला. अर्ध्यावर थांबलात की ती तिथेच चिकटते. बसल्यावर मिनिटभर तरी ती फिरवून सरळ करता येते. इकडच्या उन्हाळ्यात मात्र टर्पेंटाइन बघता बघता उडून जातं, तेव्हा हे काम सकाळी लवकर उरका. टर्पेंटाइनऐवजी रॉकेल वापरू नका, त्याचा तेलकटपणा राहतो आणि ग्रिप हातात फिरते. पेट्रोलचं तर नावच नको. रात्रभर सुकू द्या.

ग्रिप मागवण्याआधी शाफ्टच्या वरच्या टोकाची जाडी मोजा. ती बहुधा ०.५८० किंवा ०.६०० इंच असते, आणि ग्रिपवर ५८ किंवा ६० असा आकडा असतो. हाताला जाड ग्रिप हवी असेल तर आधी मास्किंग टेपचे एक-दोन वेढे द्या.

हेड निघालं तर

आधी फेरूल कापून काढा. पोलादी शाफ्ट असेल तर होझेलला हीट गनने चांगली ऊब द्या आणि हेड पिळून ओढा, सांध्यातला जुना इपॉक्सी (दोन द्रव मिसळून होणारा चिकट पदार्थ) सुटतो. ग्रॅफाइट असेल तर ऊब हळूहळू द्या आणि हेड सरळ रेषेत ओढा, अजिबात पिळू नका. पिळलं की आतले धागे सुटतात. जास्त तापवलं तर त्यांना धरून ठेवणारी राळच जळते, आणि ते नुकसान वरून दिसतही नाही. टर्पेंटाइनची बाटली जवळ असताना हीट गन सुरू करू नका. नव्या ड्रायव्हरची (लांब फटक्याच्या सगळ्यात लांब क्लबची) हेडं बऱ्याचदा स्क्रूने बसवलेली असतात. ती त्याच्या पान्यानेच उघडायची, तापवायची नाहीत.

होझेल आतून गोल कानशीने किंवा ड्रिलला तारेचा ब्रश लावून स्वच्छ करा. शाफ्टचं जेवढं टोक आत जाणार तेवढं ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. पोलादावरचा क्रोम पूर्ण निघाला पाहिजे, नाहीतर इपॉक्सी नुसत्या चकाकीवर चिकटतो आणि पुन्हा सुटतो. ग्रॅफाइटवरचा फक्त रंग काढा, पुढे थांबा. ॲसिटोनने पुसा, आधी फेरूल चढवा, मग दोन्हीकडे इपॉक्सी लावून फिरवत आत घाला. पाच मिनिटांत सुकणारा इपॉक्सी इथे कामाचा नाही. चोवीस तासांत पक्का होणारा, दोन ट्यूबवाला घ्या आणि पाकिटावरच्या प्रमाणातच मिसळा. जास्तीचा लगेच पुसा आणि क्लब हेड खाली ठेवून उभा करा.

चोवीस तासांचं गणित साधारण २०-२५ अंशांचं असतं. मे महिन्यात इपॉक्सी भराभर घट्ट होतो, म्हणून एका वेळी एकाच क्लबापुरता कालवा. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे पहाटे पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा दोन दिवस हात लावू नका. आणि उन्हाळ्यात सेट गाडीच्या डिकीत सोडू नका. उन्हात उभ्या गाडीची डिकी बाहेरच्या हवेपेक्षा खूप जास्त तापते आणि ती धग रोजच्या रोज बसत राहिली की सांधा कमजोर होतो.

नवा क्लब जोडणे

सुरुवात सात नंबरच्या आयर्नने (चपट्या धातूच्या हेडच्या क्लबने) करा, ड्रायव्हरने नाही. शाफ्टचं टोक होझेलशी जुळलं पाहिजे: आयर्नला ०.३७० किंवा निमुळतं ०.३५५, ड्रायव्हरला बहुधा ०.३३५ इंच. अंदाजाने मागवू नका, व्हर्नियर लावून मोजा.

पोलादी शाफ्ट कापायला चाकवाला पाइप कटर घ्या (पीव्हीसी कापायची कात्री नव्हे, पाइपांच्या जळगावात ती आधी पुढे करतील). ग्रॅफाइटला पाइप कटर लावू नका. मास्किंग टेपचा वेढा देऊन बारीक दातांच्या हॅक्सॉने कापा आणि तोंडाला मास्क लावा, ती धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नये. खालच्या टोकाकडून कापलं की शाफ्ट ताठ होतो. वरून कापलं तर मुख्यतः लांबी कमी होते. सात नंबर सुमारे ३७ इंचांचा ठेवतात.

आता तोल, म्हणजे फिरवताना हेड किती जड लागतं ते. त्यासाठी महागडं यंत्र मिळतं, पण मला ते घ्यायची गरज वाटत नाही. पूर्ण क्लबचं वजन ग्रॅममध्ये करा. मग क्लब पट्टीच्या धारेवर आडवा तोलून धरा आणि तोलबिंदू ग्रिपच्या टोकापासून किती इंचांवर येतो ते मोजा. त्यातून १४ वजा करून उरलेल्याला वजनाने गुणा. क्लब ४३० ग्रॅमचा आणि तोलबिंदू २८.२ इंचांवर असेल तर १४.२ गुणिले ४३० म्हणजे ६,१०६. सुमारे ६,०५० आलं तर तोलाच्या मापात तो डी-शून्य, आणि पुढच्या दर ५० ला एक अंक वाढतो. म्हणजे हा डी-एक झाला. पुरुषांचे क्लब बहुधा डी-शून्य ते डी-दोन असतात. हलका वाटला तर हेडच्या मागे शिशाची टेप लावा, दोन ग्रॅमला साधारण एक अंक. हे दोन ग्रॅम तोलायला सराफाकडचा छोटा डिजिटल काटा उत्तम, आणि सुवर्णनगरीत तो शोधावा लागत नाही. क्लब अर्धा इंच लांब केला तर तीनेक अंक वाढतात, म्हणून लांबी आधी पक्की करा.

हेड वाकवून कोन बदलायच्या फंदात मात्र घरी पडू नका. घडीव हेड थोडं वाकतं, पण ओतीव हेड तुटू शकतं, आणि कोणतं कसलं हे बघून नेहमी कळत नाही. इपॉक्सी पक्का झाल्यावर पहिले दहा-वीस फटके मोकळ्या शेतात, समोर माणूस-जनावर नसताना, अर्ध्या जोराने मारा. प्रत्येक फटक्यानंतर फेरूलपाशी फट दिसते का, हेड फिरलं का ते बघा. जरा शंका आली तरी तो क्लब पुन्हा व्हाइसला लावा.