पावसाची नाली उन्हाळ्यात वाहते तेव्हा

नगर पंचायतीत रुजू झालो त्याच आठवड्यात मुकादम काकांनी मला आठवडी बाजारामागची नाली दाखवली. मे महिना, पारा ४५ च्या घरात, विहिरी तळाला गेलेल्या, आणि ही नाली मात्र मजेत वाहत होती. एस्टिमेटात तिचं नाव 'पावसाळी गटार'. मी तसं म्हणालो तर काका तंबाखू मळता मळता म्हणाले, "साहेब, पावसाची नाली उन्हाळ्यात वाहून राह्यली, त मंग पाऊस पडून राह्यला कुठं?"

दोन वर्षं एम.टेक. करून हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

विदर्भातल्या तालुक्याच्या गावात शहर समन्वयक म्हणून किंवा पाणीपुरवठा व मलनिःसारण अभियंता म्हणून जी पोरंपोरी नव्यानं लागतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. पहिल्या महिनाभरात तुमच्या टेबलावर एक पत्र येणार. आशय असा, की तुमच्या गावाखालच्या नदीचा बीओडी मर्यादेत आणा आणि कृती आराखडा सादर करा. पत्र कुठून आलं ते आधी समजून घ्या, म्हणजे घाबरायला होणार नाही.

बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू जेवढा प्राणवायू खातात तो. आंघोळीयोग्य पाण्यासाठी लिटरला ३ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१८ मध्ये ही मर्यादा ओलांडणारे देशातले ३५१ नदीपट्टे काढले. त्यात ५३ एकट्या महाराष्ट्राचे, म्हणजे देशात सर्वाधिक. आपल्याकडच्या वर्धा, वैनगंगा, कन्हान, मोर्णा त्यात आहेत. २०२२ च्या यादीत देशाचा आकडा ३११ वर आला, महाराष्ट्राचा ५५ वर गेला. मधल्या काळात हरित लवादानं दर ठरवून दिला: १ एप्रिल २०२० नंतर ज्या नाल्यावर जागच्या जागी शुद्धीकरणाचं काम सुरू नाही, त्या प्रत्येक नाल्यामागे महिन्याला ५ लाख रुपये. छोट्या नगर पंचायतीची घरपट्टीची वसुली डोळ्यासमोर आणा, मग मुख्याधिकाऱ्यांच्या आवाजात एवढी घाई का असते ते कळेल.

आता थोडं शिक्षणाबद्दल. मी नागपूरला शिकत असताना सेमिनारसाठी अमेरिकेतला चेसापीक उपसागर घेतला होता. तिकडच्या कायद्यात बिघडलेल्या पाण्यासाठी एक हिशेब मांडतात: ते पाणी दिवसाला जास्तीत जास्त किती घाण पचवू शकेल ते काढायचं आणि मग पाइपांतून येणारा वाटा, शेतं-माळरानावरून येणारा वाटा आणि चुकीसाठी राखून ठेवलेला थोडा वाटा, अशी त्याची वाटणी करायची. चेसापीकसाठी २०१० मध्ये ६ राज्यं आणि राजधानी वॉशिंग्टन यांच्यात नत्र, स्फुरद आणि गाळ यांचे असे वाटे पाडून दिले. नत्राला वर्षाला १८ कोटी ५९ लाख पौंडांची मर्यादा. गंमत अशी, की पावसाचं पाणी नगरपालिकेच्या गटारातून नदीत पडलं की कायद्यानं ते कारखान्याच्या पाइपासारखंच धरतात, परवाना लागतो. पण परवान्यात बहुतेकदा आकड्याऐवजी कामं लिहिलेली असतात, 'जास्तीत जास्त व्यवहार्य' होईल तेवढी: लोकांना सांगा, बेकायदा जोडण्या शोधा, बांधकामाची माती अडवा वगैरे.

सेमिनारला चांगले मार्क मिळाले. नोकरीत त्यातल्या दोनच गोष्टी कामी आल्या, वाटणीचा हिशेब आणि बेकायदा जोडण्या शोधणं. तिकडे जोडण्या शोधायला पाऊस थांबून निदान ७२ तास गेलेले असावेत असा दंडक बऱ्याच ठिकाणी आहे. कोरड्या दिवसात गटारातून पाणी आलं म्हणजे ते कुणाच्या तरी घरचं. आपल्याला ७२ तास काय, नोव्हेंबर ते मे आख्खे मोकळे आहेत. ही एकच बाब विदर्भात अमेरिकेपेक्षा सोपी आहे, तिचा फायदा घ्या.

तर पहिलं काम म्हणजे चालणं. सकाळी ६ ते ८, सगळ्यांची आंघोळ-भांडी चाललेली असतात तेव्हा, नदीच्या टोकापासून उलट गावात चालत या. ऑफिसातून निघून नदीकडे गेलात तर प्रत्येक फाट्यावर गोंधळ होतो. उलट आलात तर पाणी स्वतःच वाट दाखवतं. जिथे नाली फुटते तिथे कोणत्या हाताला पाणी जास्त, ते नकाशावर लिहा. फेस म्हणजे धुणं, शिजलेला भात म्हणजे खानावळ, निळी-जांभळी साय म्हणजे गॅरेज, आणि कोमट पाण्याला तो ओळखीचा वास आला की वर कुठेतरी सेप्टिक टाकीचा पाइप आहे. सोबत मुकादमाला घ्या. कोणाच्या घराखालून कोणता पाइप निघतो हे त्याला तोंडपाठ असतं, आणि ही माहिती कोणत्याही जीआयएसमध्ये, म्हणजे संगणकावरच्या नकाशात, नाही.

आमच्या त्या नालीवर असे ४१ पाइप निघाले. एक होता निवृत्त गुरुजींच्या घराचा. मी जरा नोटीसच्या सुरात बोललो. गुरुजींनी शांतपणे खुर्ची दिली, चहा सांगितला आणि म्हणाले, "बाबू, टाकी भरली की पाणी कुठं तरी जाईलच ना? तू जागा सांग, मी पाइप काढतो." माझ्याकडे जागा नव्हती. गावात मैला उपसायची गाडीही नव्हती, जिल्ह्याहून बोलवावी लागायची. तेव्हापासून मी नोटीस खिशात आणि गाडीचं वेळापत्रक हातात घेऊन जातो.

मग मी शोषखड्ड्यांच्या मागे लागलो. एप्रिलमध्ये १४ घरांपुढे खड्डे करून घेतले, फोटो टाकले, शाबासकी मिळाली. पाणी असं गडप व्हायचं की बघत राहावं. ऑगस्टमध्ये १४ च्या १४ काठोकाठ भरलेले, वर डास. काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते, त्या भेगांतून पाणी खाली जातं. पावसात तीच माती फुगते आणि भेगा बंद. शेतकऱ्याच्या कोणत्याही पोराला हे माहीत असतं, मीही शेतकऱ्याचाच पोरगा. पुस्तकातली पाझर चाचणी आहेच, फक्त ती करायच्या आदल्या रात्री खड्डा पाण्यानं भरून माती नीट भिजवा आणि मग सकाळी तासाला पाणी किती उतरतं ते मोजा. मुरमाड जमिनीवर शोषखड्डा उत्तम. काळ्यात करायचाच तर मुरूम लागेपर्यंत खाली जा, नाहीतर नाद सोडा.

दुसरं काम नमुना घेणं. इथे सगळ्यात जास्त चुका होतात आणि त्या कोणी पकडत नाही, कारण आकडा छापील येतो.

विरघळलेला प्राणवायू मात्र तुम्ही नाल्याच्या काठावर स्वतः डोळ्यानं बघू शकता, आणि प्रत्येकानं एकदा तरी बघावा. काचेच्या बुचाची ३०० मिलीची बाटली पाण्यात तिरपी बुडवून हळूच भरायची, आत एकही बुडबुडा नको. मग पिपेटनं मँगनीज सल्फेट २ मिली, त्यामागून अल्कली-आयोडाइड-अझाइड २ मिली, बूच लावून बाटली उलटसुलट करायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो, चहाच्या चोथ्यासारखा. नदीच्या वरच्या अंगाला, रपट्याच्याही वर, मला तसा तपकिरी साका मिळाला. तिथून ४०० पावलांवर नाली नदीला मिळते, तिथल्या बाटलीत साका धरला तो दह्यासारखा पांढराफेक. पांढरा म्हणजे प्राणवायू नाही. काकांना वाटलं औषध संपलं. मी दुसरी बाटली भरली, तीही पांढरी. त्या दोन बाटल्या मी सभेत टेबलावर ठेवल्या होत्या. वीस पानी अहवाल न वाचणारे नगरसेवक उठून जवळ आले बघायला.

बीओडीचा नमुना वेगळ्या बाटलीत, बर्फात, २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत. आपल्याकडे ही चाचणी २७ अंशांवर ३ दिवसांची असते, म्हणून नमुना सोमवारी किंवा मंगळवारी घ्या. गुरुवारी दिलात तर मोजायचा दिवस रविवार येतो, पुढचं मी बोलत नाही. माझा पहिला नमुना एसटीनं गेला, ड्रायव्हरच्या मागे खोक्यात, बर्फ अर्ध्या वाटेत वितळलेला. काळ्याकुट्ट नालीचा बीओडी आला १८. मी खुशीत अहवालात टाकला. वरिष्ठांनी एकच विचारलं, "नमुना थंड होता का रे?" गरम पाण्यातले जिवाणू वाटेतच जेवून घेतात, प्रयोगशाळेत पोचेपर्यंत ताट अर्धं रिकामं. पुढच्या वेळी नीट नेला तर ८० आला.

आता हिशेब, कारण नुसत्या बीओडीवरून काहीच ठरत नाही, सोबत प्रवाह लागतो. यंत्र नसेल तर संत्र घ्या. खरंच सांगतो, लिंबाएवढं गळलेलं हिरवं संत्र पाण्यात बरंचसं बुडून तरंगतं, त्यामुळे त्याला वारा लागत नाही. थर्माकोलचा तुकडा वाऱ्यानं पळतो. समजा नाली ६० सेंटिमीटर रुंद, पाणी १० सेंटिमीटर खोल आणि संत्र्यानं ३ मीटर अंतर २० सेकंदांत कापलं. तळाला वेग कमी असतो म्हणून ०.८५ नं गुणायचं. सेकंदाला साडेसात लिटरच्या आसपास निघतात. हे दिवसभर दर दोन तासांनी मोजून सरासरी काढा, सकाळच्या एकाच आकड्याला २४ तासांनी गुणू नका. सरासरी एवढीच आली तर दिवसाचे सुमारे ६ लाख ६० हजार लिटर. पडताळा घ्या: १२ हजार लोकवस्ती, माणशी ७० लिटर पुरवठा, त्याचा ८० टक्के भाग सांडपाणी, म्हणजे ६ लाख ७२ हजार. जुळलं, म्हणजे आख्खं गाव त्या 'पावसाळी' नालीतून वाहतंय.

बीओडी ८० धरला तर नाली नदीला रोज ५३ किलो भार देते. नदीत सेकंदाला ५० लिटर पाणी आणि तिचा स्वतःचा बीओडी २ असेल, तर दोन्ही मिसळून ३ च्या आत राहायला नालीच्या वाट्याला येतात जेमतेम ६ किलो. म्हणजे ८८ टक्के कपात. आणि मेमध्ये नदी आटली की वाट्याचा प्रश्नच मिटतो, पात्रात वाहतं ते फक्त तुमचंच पाणी. आराखड्यात हा अर्ध्या पानाचा हिशेब घाला. मी घातला तेव्हापासून 'नाल्याच्या काठी झाडं लावू' छापाचे प्रस्ताव आपोआप मागे पडले.

८८ टक्के कशानं कमी करायचे? पुष्कळ लोक थेट मोठ्या सांडपाणी प्रकल्पाकडे धावतात. १२ हजारांच्या गावाला त्याचं वीजबिल भरवत नाही, दोन वर्षांत पंप बंद आणि कुंपणाला काटेरी बाभूळ. मी स्थिरीकरण तळ्यांच्या बाजूचा माणूस आहे, म्हणजे सांडपाणी उथळ तळ्यांत थांबवून ऊन आणि जिवाणूंकडून साफ करून घ्यायचं: जागा लागते, पण तालुक्याच्या गावाबाहेर ती मिळू शकते, आणि ऊन आपल्याकडे फुकट आहे. उन्हाळ्यातलं पाणी नालीच्या तोंडाशी छोटा बांध घालून तळ्याकडे वळवायचं, पावसाचा लोंढा बांधावरून सरळ नदीत जाऊ द्यायचा. जागा कमी असेल तर नागपूरच्याच नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचं फायटोरिड तंत्र बघा, खडीच्या थरात कर्दळ आणि पाणकणीस लावून त्यातून पाणी नेतात. फक्त ते मुख्य नाल्याच्या पात्रात बसवू नका, पहिल्या पुरात खडीसकट जाईल.

नालीवर स्लॅब टाकायची मागणी दर सभेत येते. दुर्गंधी झाकली जाते, वर टपऱ्याही बसतात. मी होता होईतो विरोध करतो. झाकलेल्या नालीखाली पुढच्या वर्षी आणखी १० पाइप येतात आणि आपलं सकाळचं चालणं संपतं.

पावसाळ्याआधीच्या नालेसफाईचंही सांगतो, कारण त्यात माझी सही अडकली होती. मेअखेर गाळ काढला, नालीच्या काठावर ढीग लावले, मी घनमीटर मोजून एम.बी., म्हणजे ठेकेदाराच्या बिलासाठीची मोजमाप वही, भरली. मृगाचा पहिला पाऊस तासभर झाला आणि सगळे ढीग होते तिथे परत. त्या पहिल्या पाण्यात उन्हाळाभराचं शेण, बाजाराचा भाजीपाला, गॅरेजचं तेल असं सगळं एकदम नदीत जातं. त्याच संध्याकाळी डोहात मासे तोंड वर काढून श्वास घेत होते. आता ढीग उचलून डेपोवर पडल्याशिवाय मी मोजमाप घेत नाही. ठेकेदार कुरकुरतो. आणि आठवडी बाजार झाडायची वेळ रात्रीची करून घेतली, कारण झाडायच्या आधी सर आली तर झाडायला काही उरतच नाही.

त्या पहिल्या सरीचा नमुना वर्षातून एकदाच मिळतो, तोही बहुधा पहाटे किंवा जेवणाच्या वेळी. प्रयोगशाळा त्या दिवशी घेईलच असं नाही, पण प्राणवायूची बाटली तुम्ही भरू शकता. मे लागला की दोन्ही औषधं, चार बाटल्या आणि गमबूट मी गाडीच्या डिकीत टाकून ठेवतो. गमबूट स्वतःचे घ्या, ऑफिसातले नेहमी एकाच पायाचे असतात.