स्वतःचं पुस्तक स्वतः काढताय? या चुका टाळा

प्रकाशकाच्या होकाराची वाट न बघता स्वतःच पुस्तक काढणारे लेखक मराठवाड्यात आता जिल्ह्याजिल्ह्यांत भेटतात. निवृत्त मुख्याध्यापकांचं आत्मकथन, ऊसतोडीवरची कादंबरी, गझलसंग्रह, रहस्यकथा, गावाचा इतिहास, बालकविता, सगळंच निघतंय. यातलं लेखन अनेकदा चांगलं असतं. घोटाळा होतो तो शेवटच्या ओळीनंतर. प्रकाशक टाळला तरी त्याचं काम टळत नाही. ते आपल्या अंगावर आलंय हे बऱ्याच जणांना गठ्ठे घरी आल्यावर कळतं.

पऱ्हाटीची पन्हाटी

सगळ्यात जास्त पुस्तकं इथे बिघडतात. लेखक मोबाइलवर किंवा वर्डमध्ये युनिकोडात, म्हणजे कुठल्याही यंत्रावर सारखीच दिसणाऱ्या अक्षरपद्धतीत लिहितो. डीटीपीवाला (संगणकावर पानं मांडणारा) ते जुन्या फॉन्टमध्ये बदलतो, कारण त्याचं सॉफ्टवेअर जुनं असतं. पुढे ईबुकसाठी तोच मजकूर पुन्हा युनिकोडात येतो. या ये-जा करण्यात ‘ऱ्ह’चा ‘न्ह’ होतो, जोडाक्षरातली पहिली वेलांटी भलत्या अक्षरावर बसते, ‘ऑ’ आणि ‘ॲ’ तर गायबच होतात. पऱ्हाटीची पन्हाटी आणि वऱ्हाडाचं वन्हाड झालेलं पुस्तक छापून आल्यावर लेखक प्रेसवाल्याला बोल लावतो. प्रेसवाला म्हणतो, ‘सर, तुम्ही पीडीएफला ओके दिलंय.’ आणि तो खरंच बोलत असतो.

यावर उपाय सोपा आहे. मजकूर शेवटपर्यंत युनिकोडातच ठेवणारा डीटीपीवाला शोधा. तसा मिळाला नाही, तर ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’, ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘ऑ’ असलेले आपल्या पुस्तकातले वीसएक शब्द कागदावर काढा आणि प्रूफमध्ये, म्हणजे छपाईआधीच्या तपासणीच्या प्रतीत तेवढेच आधी तपासा. त्यातले दोन जरी बिघडले असतील, तरी अख्खं पुस्तक पुन्हा वाचायचं. प्रूफ छापील कागदावरच बघा. मोबाइलच्या पडद्यावर डोळा चूक माफ करतो.

बोलीवर इस्त्री

संवादात बोली वापरणाऱ्या लेखकांनी हे आवर्जून वाचावं. मुद्रितशोधक, म्हणजे प्रूफ तपासणारा, त्याच्या सवयीनं काम करतो. त्याच्यासमोर साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १८ नियम असतात (१४ नियम १९६२चे, ४ नियम १९७२चे) आणि ‘कव्हा’ दिसलं की हात आपोआप ‘केव्हा’ करतो. ‘व्हय’चं ‘होय’, ‘कामून’चं ‘का’. तिसऱ्या प्रकरणापर्यंत मुकादम प्राध्यापकासारखा बोलायला लागतो.

यात दोष एकट्या मुद्रितशोधकाचा नसतो. एकाच पात्राच्या तोंडी पान १२वर ‘कव्हा’ आणि पान ४०वर ‘कवा’ असेल, तर त्यानं काय समजायचं? म्हणून त्याला हस्तलिखित देण्याआधी शब्दांची यादी करा: कोणतं पात्र कोणतं रूप वापरतं आणि कुठल्या शब्दाला हात लावायचा नाही. निवेदनाला नियम लावा म्हणावं, संवादाला यादी.

आणखी एक. ‘उचल’, ‘कोयता’, ‘सालगडी’ अशा शब्दांना तळटीप देत बसू नका. वाचक पुण्याचा असला तरी वाक्यातून त्याला अर्थ लागतो. तळटिपांनी भरलेली कादंबरी मला तरी चौकशी अहवालासारखी वाटते.

‘पॅकेज’ घेताना सही कशावर करताय?

‘लेखन तुमचं, बाकी सगळं आमचं’ अशा जाहिराती रोज दिसतात. पॅकेज घेण्यात काही वाईट नाही, वेळ वाचतो. पण तीन गोष्टी आधी माहीत हव्यात.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, आपल्याकडे फुकट मिळतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सी तो देते, अर्ज ऑनलाइन होतो आणि लेखकाला स्वतःच्या नावानंही करता येतो. त्यामुळे बिलात ‘आयएसबीएन शुल्क’ अशी मोठी रक्कम दिसली, तर ती कशाची हे विचारा. दुसऱ्याच्या नावावरचा क्रमांक घेतला, तर नोंदीत प्रकाशक म्हणून त्याचंच नाव लागतं आणि उद्या वेगळी आवृत्ती काढताना तो क्रमांक तुम्हाला वापरता येत नाही. छापील पुस्तक आणि ईबुक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात. आयएसबीएन म्हणजे कॉपीराइट हा समजही डोक्यातून काढा. १९५७च्या कायद्यानुसार लिहिल्याक्षणी हक्क तुमचा होतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही आणि तो लेखकाच्या हयातीत व नंतर ६० वर्षं टिकतो.

करारात मुदत लिहिलेली आहे का ते बघा. हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. ‘कायमस्वरूपी सर्व हक्क’ अशी ओळ कुठेतरी बारीक अक्षरात असेल, तर तिथेच थांबा.

तिसरी गोष्ट फाइलींची. पैसे चुकते केल्यावर नुसती पीडीएफ घेऊन येऊ नका. मांडणीची मूळ फाइल आणि मुखपृष्ठाची बदल करता येणारी फाइल मागा. त्या मिळाल्या नाहीत, तर दुसऱ्या आवृत्तीत एक काना दुरुस्त करायलाही त्यांच्याच दारात जावं लागतं.

मुखपृष्ठ

एआयकडून चित्र करून घ्यायची लाट आहे. चित्र ठीक येतं, पण त्यातल्या पाटीवरची देवनागरी बहुतेक वेळा अर्थहीन आकार असते. बैलाचे पायही मोजा. शीर्षक नेहमी वेगळं टाइप करून बसवा. गूगलवरून उचललेला फोटो नको, त्याचा मालक कुणीतरी असतो. पडद्यावरचा झळझळीत हिरवा छपाईत मळकट येतो, म्हणून फाइल सीएमवायके (छपाईच्या चार शाईंची रंगपद्धत) करून एक रंगीत प्रूफ मागा. पुस्तकाच्या कण्याची (पाठीची) जाडी कागदावर ठरते, तेव्हा कागद बदलला की मुखपृष्ठाचं मापही बदलायचं.

किती छापायचं, किंमत किती?

पहिल्याच पुस्तकाच्या हजार प्रती छापायचा मोह होतो, कारण ऑफसेटवर (प्लेट करून होणाऱ्या मोठ्या छपाईवर) संख्या वाढली की एका प्रतीचा खर्च उतरतो. पण न विकलेली प्रत स्वस्त कशी म्हणायची? आधी डिजिटल छपाईवर शंभर-दोनशे काढा, मागणी बघा, मग ऑफसेटकडे जा. पानं १६च्या पटीत बसवा, नाहीतर शेवटच्या फॉर्मात (एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गटात) कोऱ्या पानांचे पैसे जातात.

किमतीचा हिशोब असा मांडा. समजा प्रत ९० रुपयांत पडली आणि किंमत १५० ठेवली. विक्रेत्यानं ४० टक्के घेतले की हातात ९० उरले, म्हणजे नफा शून्य, आणि टपालखर्च खिशातून. यावर ‘आम्ही पैशासाठी लिहीत नाही’ हे उत्तर मी बऱ्याचदा ऐकलंय. तसं असेल तर ठीक, पण मग प्रकाशन सोहळ्यातला हॉल, बॅनर आणि शाली कशासाठी? त्याच पैशात चांगला संपादक मिळतो.

सरकारी कागद

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठी आहे आणि ती हस्तलिखितावर चालते. आधी छापून मग चौकशी करणाऱ्यांची ती संधी गेलेली असते.

राज्य वाङ्मय पुरस्कारांसाठी जानेवारी ते डिसेंबर असं वर्ष धरतात. पुस्तक डिसेंबरात छापून सोहळ्यासाठी पुढच्या वर्षाची तारीख टाकली, किंवा प्रथमावृत्तीचं वर्षच छापायला विसरलं, तर प्रवेशिकेच्या वेळी अडतं.

१९५४चा ग्रंथ-प्रदान कायदा तर कित्येकांच्या गावीही नसतो. प्रकाशकानं, म्हणजे इथे तुम्हीच, ३० दिवसांत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथली ठरलेली ग्रंथालयं अशा चार ठिकाणी स्वखर्चानं प्रत पाठवायची असते. दंड जास्तीत जास्त ५० रुपये अधिक पुस्तकाची किंमत, त्यामुळे धाक कुणालाच नाही. तरी पाठवा. पुढे कुणी अभ्यासक उदगीरच्या किंवा हिंगोलीच्या लेखनाचा शोध घेईल, तेव्हा पुस्तक सापडायला हवं.

गावातली माणसं पुस्तकात

आत्मकथन आणि स्थानिक इतिहास लिहिणाऱ्यांनी इथे जपावं. नाव बदललं पण वाडा, भाऊबंदकी आणि कोर्टकज्जा तोच ठेवला, तर अख्खा गाव माणूस ओळखतो. बदनामीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६मध्ये येतो. ‘सर्व पात्रे काल्पनिक आहेत’ एवढ्या ओळीनं सुटका होतेच असं नाही. आरोपासारखं काही लिहिलं असेल, तर त्याचा कागद जवळ ठेवा आणि छपाईआधी एखाद्या वकिलाला ती पानं दाखवा.

छापून झालंय आणि चूक दिसली

बांधणी व्हायची असेल तर ताबडतोब फोन करा. चूक असलेला एकच फॉर्म पुन्हा छापून बदलता येतो. बांधणी झाली असेल आणि चूक नावाची, आकड्याची किंवा तारखेची असेल, तर छोटं शुद्धिपत्र छापून प्रत्येक प्रतीत चिकटवा, नुसतं सरकवलेलं पडून जातं. किंमत किंवा आयएसबीएन चुकला असेल तर मलपृष्ठावर स्टिकर चालतो. एखाद-दुसऱ्या ऱ्हस्व-दीर्घासाठी मात्र काही करू नका. एका प्रतीवर लाल पेनानं खुणा करत राहा आणि ती प्रत कुणालाही भेट देऊ नका, दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी डीटीपीवाल्याला तीच द्यायची.